जागृतीच्या हातावरचा नंबर

माझ्या मुलीच्या उजव्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, एक मोबाईल नंबर गोंदलेला आहे, आणि तो नंबर गेली पाच वर्षं बंद आहे.

गोंदवून घेतला तो मीच. जागृती चार वर्षांची असताना कापडबाजारात माझ्या हातातून सुटली आणि अडीच तासांनी एका गाठोडी उचलणाऱ्या माणसाच्या खांद्यावर बसून परत आली. त्याने तिला तिच्या वडिलांचं नाव विचारलं तेव्हा तिने "पप्पा" सांगितलं होतं. घर कुठे विचारलं तेव्हा "वर" सांगितलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही खानदेशातून या गुजराती शहरात, डिंडोलीत, नुकतेच आलेलो, माणसांच्या एवढ्या गर्दीची मला सवय नव्हती. पुढच्या महिन्यात गावी जत्रेला गेलो. तिथे गोंदणारी बाई बसली होती. आमच्याकडे बायका हातावर, हनुवटीवर, कपाळावर गोंदतातच. मी विचार केला, फुलं आणि ठिपके काढून काय उपयोग? कामाचं काहीतरी काढावं. घरात तेव्हा एकच मोबाईल होता, जागृतीच्या वडिलांचा. त्याचा नंबर कागदावर लिहून मी त्या बाईपुढे ठेवला. तिला अंक वाचता येत नव्हते, ती चित्रासारखे बघून काढत होती. जागृती अशी रडली की शेजारच्या पाळण्यावरची मुलं उतरून बघायला आली.

त्यानंतर ती एकदाही हरवली नाही. हे मी माझ्या बाजूने सांगते आहे.

आठवीत असताना वर्गातल्या मुलांनी तो नंबर उतरवून घेतला. त्यांना वाटलं, मुलीने आपला नंबर हातावर लिहिला आहे! फोन लावला की पलीकडे कापड कारखान्यातल्या लूमचा खडखडाट आणि त्यावर ओरडणारा तिचा बाप. पाळीवर काम चालू असताना दिवसाला पंधरा फोन. शेवटी जागृतीच्या वडिलांनी सिम बदललं. नंबर गेला, हात राहिला.

तर या वर्षी जागृतीला बारावीला चांगले मार्क पडले आणि नर्सिंग कॉलेजातून मुलाखतीचं पत्र आलं. पालकांपैकी एकाने सोबत यावं, असं त्यात लिहिलं होतं. लहानपणापासून तिला हेच व्हायचं होतं. दुसरा अर्ज तिने कुठेच भरला नव्हता. इथे झालं नाही तर इच्छापोरच्या कारखान्यात पॅकिंगला जायचं, हे ठरलेलं होतं. ठरवलं कोणी नव्हतं, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

पत्र आलं त्या संध्याकाळी समोरच्या सविताताई साखर मागायला आल्या आणि बसल्या. त्यांचा भाचा लष्कराच्या भरतीला गेला होता, त्याच्या हातावर विंचू गोंदलेला होता, त्याला दारातूनच परत पाठवलं. "गोंदलेलं चालत नाही," त्या म्हणाल्या. "नाकात, कानात पण काही नको. साधी मुलगी पाहिजे असते त्यांना." साखर घेऊन त्या गेल्या. मी साड्यांवर खडे चिकटवायचं काम घरी आणते, त्या दिवशी सगळ्या पदरांवर खडे वाकडे लागले.

जागृतीला मी हळूच म्हटलं की नंबर झाकून जाऊ.

"मला नाही झाकायचा," ती म्हणाली. "विचारलं तर सांगेन."

"काय सांगशील? माझी आई वेडी होती?"

"हो. तेच."

तिचे वडील जेवत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "दपाडाले काय झायं? पोरनी चोरी करेल शे का?" लपवायला मुलीने चोरी केली आहे का, एवढंच त्यांचं म्हणणं. मुलाखतीच्या दिवशी त्यांची दिवसपाळी होती. त्यामुळे त्यांचं म्हणणं घरीच राहणार होतं आणि मी बरोबर जाणार होते.

मी भित्री आहे. बँकेत स्लिप भरून द्यायची तरी मी तीनदा रांगेतून बाहेर येते. चौथीपर्यंत शिकले, गुजराती कानाने कळतं, बोलताना अडखळते. साहेब लोकांसमोर माझ्या तोंडातून आवाज निघत नाही. पण भित्र्या माणसाला एक खोड असते, तो आधीच फार तयारी करतो.

पहिली तयारी नाकाची. जागृतीच्या नाकात चमकी होती, गावच्या सोनाराकडून मीच बसवलेली, मळसूत्राची. ती फिरेना. तेल लावलं, साबण लावला, मग मी दोन बोटांनी धरून पिळली. चमकी निघाली, पण नाक टोमॅटोसारखं झालं. कानाच्या वरच्या बाजूला तिने मैत्रिणीबरोबर जाऊन दोन बाळ्या घातल्या होत्या, त्या तिने स्वतःच काढून माझ्या हातावर ठेवल्या. चिडली असती तर बरं झालं असतं.

दुसरी तयारी हाताची. सविताताईंकडून तोंडाला लावायचं फाउंडेशन आणलं आणि नंबरावर लावलं. आजूबाजूचा हात गोरा झाला आणि नंबर आणखी उठून दिसू लागला. लांब बाह्यांचा ड्रेस घालावा तर गेल्या वर्षी तिथे गेलेल्या मुलीने सांगितलं होतं की कोपरापासून खाली हात उघडे लागतात, नखंसुद्धा बघतात. मग मला सुचलं. (मला सुचतं तेव्हा घरात कोणीतरी मला थांबवायला हवं.) मी मेडिकलमधून पट्टी आणली आणि तिच्या हाताला गुंडाळली. घामाने चिकटपट्टी सुटत होती, म्हणून टोकाला साडीचे खडे चिकटवायचा गम लावला. तो गम धुण्यातसुद्धा निघत नाही, आम्हाला तसंच सांगतात.

तिसरी तयारी माझी स्वतःची. माझ्या हनुवटीवर तीन ठिपके आहेत, कपाळावर एक आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले. आई अशी असेल तर मुलगीही तशीच, असं त्यांना वाटेल. म्हणून मी मे महिन्यात पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घातलं आणि उरलेलं फाउंडेशन हनुवटीला आणि कपाळाला लावलं. सविताताई माझ्यापेक्षा पुष्कळ गोऱ्या आहेत.

आता सांगते ते आजपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोललेलं नाही. नर्सिंग कॉलेजात मुलाखत घेणारे लोक कोण असतात? नर्सा असतात! जन्मभर दुसऱ्यांच्या पट्ट्या सोडून आत काय आहे ते बघणारी माणसं. पट्टी बांधून मी मुलीला नेमकी त्यांच्यासमोर नेऊन बसवली.

टेबलापलीकडे दोन मॅडम आणि एक सर होते. मला मागच्या खुर्चीवर बसवलं. जागृतीला रक्ताबद्दल विचारलं, हाडांबद्दल विचारलं, ती सरळ उत्तरं देत होती. मला काहीच कळत नव्हतं, पण सर मान हलवत होते. मला वाटलं, झालं. माझ्या हनुवटीवरून एक थेंब ओघळून पदरावर पडला. थेंब पांढरा होता.

मोठ्या मॅडमची नजर पट्टीवर गेली. "हाथे शुं थयुं, बेटा?" हाताला काय झालं, असं त्या विचारत होत्या.

जागृतीने मान खाली घातली. आणि जन्मात साहेब लोकांशी न बोललेली मी मागून बोलले, "दाझी गई. दूध पड्युं."

केव्हा भाजलं, त्यांनी विचारलं. मी काल म्हटलं. वर काय लावलं? मी टूथपेस्ट म्हटलं, कारण आमच्या चाळीत सगळे तेच लावतात आणि मला ते खरं वाटावं असं वाटत होतं.

टूथपेस्ट ऐकल्यावर तिघंही एकदम उठले.

भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट, त्यावर अशी आवळलेली पट्टी, बोटं बघा कशी झाली आहेत, असं ते आपसात बोलू लागले. लहान मॅडमने बाहेरून ट्रे मागवला. कात्री आली, कापूस आला, हातमोजे आले. जागृती म्हणाली, "मॅडम, रहेवा दो." त्यांना वाटलं, दुखेल म्हणून घाबरते आहे. मोठ्या मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी तेव्हाही थांबवू शकले असते. पण मी मनात देवाला म्हणत होते की आत खरंच थोडंसं भाजलेलं असू दे.

पट्टी कापली गेली, पण टोक सुटेना. गमने धरलं होतं. मॅडमनी पाणी लावलं, औषध लावलं, शेवटी हळूहळू ओढलं. जागृतीच्या डोळ्यांत पाणी आलं. पट्टीबरोबर थोडी कातडीही आली. त्या जागी साडीचे दोन खडे चिकटलेले होते, लाल आणि हिरवा. बाजूला नंबर. भाजल्याची खूण कुठेच नव्हती.

सरांनी चष्मा लावून नंबर वाचला. दहाही आकडे, सावकाश, मोठ्याने.

"भाजलेलं नाही," जागृती गुजरातीत म्हणाली. मी लहानपणी बाजारात हरवले होते, हा पप्पांचा जुना नंबर आहे, मम्मीला वाटलं की तुम्ही घेणार नाही, म्हणून तिने झाकला. एवढं सांगून ती म्हणाली, "तुम्ही विचारलं तेव्हा मीही गप्प बसले. ती चूक माझी आहे."

मोठ्या मॅडम हातमोजे काढत राहिल्या. गोंदणाबद्दल आमच्याकडे काहीच नियम नाही, त्या म्हणाल्या. त्यांच्या आईच्या हातावरही आहे. मग त्या जागृतीकडे बघून म्हणाल्या की दवाखान्यात रोज कोणीतरी नातेवाईक येतो आणि पेशंटच्या देखत खोटं सांगतो. तेव्हा नर्स गप्प बसली तर पेशंटचं काय होतं? त्या चिडून बोलल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या अगदी हळू बोलल्या.

उठताना त्यांनी ट्रेमधला ओला कापूस माझ्या हातात दिला आणि माझ्या हनुवटीकडे बोट केलं. कातडीचा काही इलाज चालू आहे का, असं लहान मॅडमनी काळजीने विचारलं. मी कापसाने पुसलं. तीन ठिपके बाहेर आले. कोणी हसलं नाही.

रिक्षात जागृती बाहेर बघत बसली. डिंडोली जवळ आल्यावर म्हणाली, "शाळेत सगळे हसायचे, तरी मला त्या नंबरची कधी लाज वाटली नव्हती, मम्मी. आज वाटली."

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं.

पुढचे सतरा दिवस कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. ती भांडली नाही, हीच पंचाईत. घरातलं काम करायची, मला पाणी आणून द्यायची, आणि पॅकिंगच्या कामाची चौकशी करायला शेजारच्या मुलीबरोबर इच्छापोरला जाऊन आली. तिचे वडील ताटावरून उठताना एकदा माझ्याकडे बघायचे आणि पाळीवर निघून जायचे. मी साड्या चिकटवायचे. एका साडीवर मी सगळे खडे उलट्या बाजूने लावले, आणि काम देणाऱ्या बेननी ती माझ्यासमोर धरून नुसतं विचारलं, "बरी आहेस ना?" मी हो म्हटलं. खोटं बोलायची सवय एकदा लागली की लवकर जात नाही.

दुसऱ्या यादीत नाव आलं. सगळ्यात शेवटचं. जागृतीने यादी दोनदा वाचली, मग मला वाचायला लावली. मला गुजराती वाचता येत नाही हे तिला माहीत आहे, तरी लावली. तिने बोट ठेवलं तिथे मी बघत उभी राहिले.

प्रवेशाच्या दिवशी तिच्या वडिलांनी सुट्टी काढायची ठरवली होती. मला ते बरोबरच वाटलं. पण सकाळी जागृती म्हणाली की मम्मीच येईल. का ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. या वेळी मी अर्ध्या बाह्यांचं ब्लाउज घातलं. निघताना तिने माझा पदर नीट केला.

खिडकीत एक क्लार्क बसले होते. नाव, गाव, जन्मतारीख असं विचारून ते फॉर्म भरत होते. मग म्हणाले, "शरीरावरची निशाणी? तीळ वगैरे? दोन लागतात."

मी मागे सरकले.

जागृतीने हात खिडकीतून आत घातला. "उजव्या हातावर गोंदलेला नंबर," ती म्हणाली. क्लार्कनी बघितलं आणि लिहिलं. एवढंच. विचारलंसुद्धा नाही कोणाचा म्हणून.

"अने बीजी?" दुसरी कोणती, त्यांनी विचारलं.

तिच्या अंगावर तीळ नाही. कुठे पडल्याची खूण नाही. मी तिला कधी पडू दिलं नाही. क्लार्क पेन धरून थांबले होते. तिने हात थोडा फिरवला. नंबरापासून दोन बोटांवर, गमने कातडी निघाली होती तिथे, रुपयाएवढा काळसर डाग उरला आहे. डॉक्टर म्हणाले, तो आता जाणार नाही.

"हा लिहा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली.

क्लार्कनी तोही लिहिला आणि फॉर्मवर शिक्का मारला. आता कॉलेजच्या कागदावर माझ्या मुलीच्या दोन निशाण्या आहेत, एक ती हरवू नये म्हणून केलेली आणि एक पहिली दिसू नये म्हणून केलेली, आणि दोन्ही माझ्याच हातच्या. क्लार्कनी सवयीने विचारलं, अजून काही आहे का. मी घाईघाईने नाही म्हटलं आणि माझे गोंदलेले दोन्ही हात पदराखाली घेतले.