भातखाचरात गेलेली जॅकेटं

कासार आंबोली फाट्यावर नाकाबंदीत एका मोटारीचा आरसा हवालदार ढमाले यांच्या कोपराला घासून गेला. सकाळचे सात, दाट धुकं. चालकाने जबाबात सांगितलं, "दिसलेच नाहीत." जबाब मीच लिहून घेतला. तो खरा होता. ढमालेतात्यांचं रिफ्लेक्टर जॅकेट, म्हणजे उजेड पडला की चमकणारं, चौकीतल्या पेटीत घडी करून ठेवलेलं होतं.

मी तेव्हा सहायक फौजदार होतो. किट स्टोअर माझ्याकडे होतं. सरकारने पोलिसांच्या सुरक्षेसाठी अशी बारा जॅकेटं चौकीला दिली होती. रस्त्यावर एकही दिसत नव्हतं.

"तात्या, अंगात का घातलं नाही?"

"सोमवारी इन्स्पेक्शन हाय. मळलं म्हंजे?"

इन्स्पेक्शनला वरिष्ठ येऊन सगळं किट टेबलावर मांडून बघतात. डाग दिसला तर कसुरी, म्हणजे चुकीची लेखी नोंद. म्हणून नवं पेटीत, जुनं अंगावर, ही आमची रीत. तात्यांच्या निवृत्तीला पाच महिने होते. आजवर एकही कसुरी नव्हती.

"आणि उद्या आरसा डोक्याला लागला तर?"

"तवा पेटीत जॅकेट कोरं घावंल."

मी हजेरीला सगळ्यांना बजावलं, "या वेळी स्वच्छ जॅकेट दिसलं तर कसुरी. वापरलेलंच पाहिजे." शनिवार-रविवार पर्यटकांची गर्दी असते. मी दुसऱ्या नाक्यावर अडकलो, जॅकेटं कोणी घातली ते बघता आलं नाही.

सोमवारी टेबलावर बाराच्या बारा जॅकेटं चिखलाने माखलेली होती. मला समाधान वाटलं. मोठ्या साहेबांनी पहिलं उचलून झटकलं. वाळलेली माती खाली पडली. आत घड्या जशाच्या तशा. कॉलरला किमतीचं लेबल लटकत होतं.

"ही माती कुठली?"

तात्या पुढे झाले. "आमच्याच भातखाचरातली, साहेब."

"तुम्ही बारा जण चिखलणीला गेला होता?"

"न्हाई साहेब. जॅकेटंच गेली हुती."

साहेबांनी पेन उघडलं. तात्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात साहेबांना त्यांच्या कोपरावरची पट्टी दिसली. "हे काय?" मी दोन वाक्यांत सांगितलं. साहेबांनी पेन बंद केलं. मग मला म्हणाले, "लिहून घ्या. ही बारा जॅकेटं इन्स्पेक्शनच्या यादीतून कमी करा. पुन्हा टेबलावर मांडायची नाहीत."

तात्यांनी हळूच विचारलं, "मंग आता मळली तरी चालंल?"

"मळलीच आहेत."

तात्यांनी लेबल तोडलं आणि तिथेच जॅकेट चढवलं. पुढच्या शनिवारी पुन्हा धुकं होतं. फाट्यावर मोटारी लांबूनच वेग कमी करत होत्या. पाच महिन्यांनी तात्या एकही कसुरी नसलेल्या कोऱ्या सर्व्हिस शीटनिशी निवृत्त झाले. जॅकेट जमा केलं तेव्हा त्याचा मूळ रंग ओळखता येत नव्हता. पट्ट्या मात्र चमकत होत्या.

सुरक्षेचं सामान मंजूर व्हायला वेळ लागतो हे मला माहीत होतं. ते यादीतून उतरल्याशिवाय अंगावर चढत नाही, हे त्या सोमवारी कळलं.