काकू पाळण्यात बसायची

साठी ओलांडल्यावर आमच्या द्वारकाकाकूला पाळण्यात बसायचा नाद लागला आणि हसनाबादला फुकटची करमणूक मिळाली. एरवी काकू शिडीच्या दुसऱ्या पायरीवरसुद्धा थरथरायची. तीच बाई राजूरला अंगारकीच्या जत्रेत गणपतीच्या आधी आकाशपाळणा गाठायची. बायका तोंडाला पदर लावून म्हणायच्या, म्हातारचळ लागला. माझं डोकं फिरायचं, कारण खरं काय ते मला ठाऊक होतं. पण काकूने कोणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं.

मी तिचा पुतण्या. काकूला मुलगा नव्हता. एकच पोर, कौसल्या, राजूरला दिलेली. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या विहिरीला थोडं पाणी होतं, म्हणून कौसल्येच्या सासऱ्याने, तातेरावाने, आपली बैलजोडी आमच्याकडे आणून बांधली. काकूने घराच्या छपराचं गवत ओढून त्यांना घातलं. तरी एक बैल गेलाच. तातेराव म्हणाला, तुम्ही तो उपाशी मारला. त्या वर्षी गावोगाव बैल मेले, पण हा एकटाच जणू काकूने मारला! कौसल्येला माहेर बंद झालं आणि काकूला लेकीचा उंबरा.

पुढच्या जत्रेला काकू लाडूचा डबा घेऊन गेली. कौसल्येच्या सासूने तिला दारातूनच परत पाठवलं. त्या घराची मागची भिंत जत्रेच्या मैदानाला लागून होती. भिंतीलगत लाकडी आकाशपाळणा फिरत होता. काकू त्याच्याकडे बघत राहिली.

"मला त्याच्यात बसव," ती म्हणाली.

"काकू, चक्कर येईल."

"येऊ दे. पडले तं तिच्याच अंगणात पडन."

मी शेजारी बसलो. दोन गडी हातांनी पाळणा ढकलत होते. वर जाताना काकूने माझं मनगट असं धरलं की नखं रुतली, पण डोळे मिटले नाहीत. खाली अंगणात कौसल्या शेंगा फोडत होती. तिने सहज वर पाहिलं आणि तिचे हात थांबले. ओसरीवर सासू बसलेली, त्यामुळे हाक मारायची सोय नव्हती. ती आत गेली, एक गोधडी घेऊन आली आणि भिंतीवर वाळत घातली. काकूने तिच्या लग्नासाठी शिवलेली ती गोधडी होती.

काकू उतरली ती डोळे पुसतच. "वाळली गं पोर," एवढंच स्वतःशी म्हणाली.

त्यानंतर दर अंगारकीला हेच. आम्ही वर, गोधडी भिंतीवर. एका वर्षी कौसल्येच्या कडेवर तान्हं पोर दिसलं. आपण आजी झालो हे काकूला पाळण्यात कळलं. त्या दिवशी तिने जत्रेत ओळखी-अनोळखी सगळ्यांना पेढा दिला आणि कशाचा म्हणून विचारलं तर सांगितलं नाही.

मग एका पावसाळ्यात काकू तापाने गेली. राजूरला लगेच माणूस धाडला. तातेरावाने ओसरीवर निरोप ऐकून घेतला आणि बरं म्हणाला. दहाव्यापर्यंत वाट पाहिली, कौसल्या आली नाही. अग्नी मीच दिला होता, मुंडणही मीच केलं.

तेरावा झाल्यावर थोड्याच दिवसांत अंगारकी आली. मी एकटाच जाऊन पाळण्यात बसलो. वर पोचलो. भिंतीवर गोधडी होती. म्हणजे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

कौसल्या सूप घेऊन अंगणात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, आई आजारी आहे, पुढच्या जत्रेला येईल. पाळणा खाली आला. असं तिला वाटू द्यावं का? पण मग बिचारी किती वर्षं गोधडी वाळत घालत राहणार? आणि एवढ्या गर्दीत ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हती.

पुन्हा वर गेलो तेव्हा मी डोक्यावरची टोपी काढली.

माझं मुंडलेलं डोकं तिने पाहिलं. हातातलं सूप पडलं. पुढच्या फेरीला दिसली तेव्हा सासू ओसरीवरून काहीतरी विचारत होती आणि कौसल्या गोधडी छातीशी धरून मातीत बसली होती.

पाळणेवाला उतरा म्हणाला. मी त्याला आणखी फेऱ्यांचे पैसे दिले आणि बसून राहिलो. बहिणीला भेटायला माझ्याकडे दुसरी जागा नव्हती.