दादाचं पोट

माझ्या थोरल्या भावाला, सर्जेरावला, दगडसुद्धा पचतात. आमचं सगळं केदारखेडा गाव हे कौतुकानं म्हणतं, म्हणून मी एकट्यानं तरी ते जळून म्हणावं. पन्नाशी उलटली तरी लग्नाच्या पंगतीत वाढपी त्याच्यापुढून हलत नाहीत. बुंदी, वांग्याची भाजी, वरून लोटाभर ताक. मग बाजेवर आडवा झाला की लगेच घोरायला मोकळा.

मी त्याच आईचा. माझ्या आतड्याला मात्र कित्येक वर्षं सूज आहे. दुखणं उठलं की काय हाल होतात ते सांगत नाही. पण कुठंही पाहुणा गेलो की मी आधी संडास कुठं आहे ते बघून ठेवतो. गावानं निदानही करून टाकलंय, "वंदनाचा हातच तिखट." वंदना म्हणजे माझी बायको. ती बिचारी माझ्यासाठी मऊ भात शिजवते, आणि तिच्याच हातचा ठेचा दादा मिटक्या मारत खातो.

हिवाळ्यात दादाच्या शेतात हुरडा असतो. गोवऱ्यांची आगटी पेटवायची, ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यात भाजायची, गरमगरम हातावर चोळून दाणे पाहुण्यांपुढं टाकायचे. दादाच्या हाताला चटकासुद्धा बसत नाही. माझ्या नशिबी नुसता वास.

यंदा माझ्यावर उपचार करणाऱ्या संभाजीनगरच्या जान्हवी डॉक्टरांनी एका अभ्यासासाठी आम्हा दोघांचं रक्त मागितलं. म्हणाल्या, "शरीराची राखण करणारी एक यंत्रणा असते. तिच्या काही जनुकांत बदल असला, की ती राखण कधीकधी आपल्याच आतड्यावर उठते. सख्ख्या भावांत काय सापडतं ते बघायचंय."

दादानं हसत दंड पुढं केला. मी मनात देवाला एकच मागितलं, याच्याही रक्तात खोट निघू दे. नासकं निघायचंच असेल तर मला एकट्याला निघायचं नव्हतं.

निघाली. दोघांत तेच बदल.

"पण याला तर कधी ढेकरसुद्धा करपट येत नाही!" मी जवळजवळ ओरडलोच.

"या बदलांनी धोका वाढतो, आजार ठरत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "असे बदल असूनही बहुतेकांना काही होत नाही. तुम्हालाच का झाला, ते नेमकं सांगता येत नाही. सर्जेरावांना कसलंही पथ्य नको."

म्हणजे खोट दोघांची आणि भोग एकट्याचा. भोकरदनच्या बसमध्ये मी दादाला सोडून एकटाच पुढच्या बाकावर जाऊन बसलो.

पुढच्या रविवारी हुरडा होता. दादा भाजत होता, चोळत होता, पाहुणे खात होते. त्याचं तोंड मात्र हलत नव्हतं. मांडीशी स्टीलचा डबा, आत दहीभात.

"दादा, हे काय?"

"आपलं रक्त एकच हाय म्हणं. मंग मी बी तुह्यासारखंच खाऊन राह्यलो."

"डॉक्टरीणबाई बिलकुल पथ्य न्हाई म्हणल्या ना?"

"त्या म्हणल्या बराबर," दादा निखारे सारत म्हणाला. "पण तू कसा वाळत गेलास ते म्या पाह्यलंय, कल्याण. भ्या वाटतं."

मला हवं होतं तेच झालं होतं. माझा भाऊ माझ्यासारखा भाताचे गोळे गिळत बसला होता, आणि ते मला बघवेना. मला त्याचा भयंकर राग आला. आगटीतलं कणीस ओढलं आणि हातावर चोळलं. चांगलाच चटका बसला. दाणे डब्याच्या झाकणात टाकले, शेजारी वंदनाचा ठेचा ठेवला.

"खा," मी म्हणालो. "तू बी भात खाय लागलास, तर म्या कोणावर जळू?"

दादानं माझे लालबुंद तळवे बघितले. मग दाण्यांचा एक बोकणा भरला, मग दुसरा, आणि झाकण माझ्यापुढं सरकवून आणखी मागितलं.

मी त्याचा दहीभात पुढ्यात ओढला. तो मिटक्या मारायला लागला तसा माझा जळफळाट पुन्हा सुरू झाला, आणि जीव थाऱ्यावर आला.