गोषवाऱ्यातला खेकडा

सावित्राबाईला शिकलेल्या माणसांची भीती कधी वाटली नाही, कारण ती माणसं पाहुणी म्हणून तिच्याच दारात यायची. टाकवे बुद्रुकच्या वर, डोंगराच्या सोंडेवर तिची ठाकरवाडी. गेल्या पस्तीस वर्षांत तिथं डांबरी रस्ता निम्म्यापर्यंत आला, नळ आले पण पाणी आलं नाही. अभ्यासक मात्र नेमानं येत राहिले. कुणी डोकी मोजली, कुणी देव मोजले. एकानं तर चुलीपासून उंबऱ्यापर्यंतचं अंतर टेप लावून मोजलं आणि मोठ्या समाधानानं मान हलवत निघून गेला. जाताना प्रत्येक जण म्हणायचा, "छापून आलं की पाठवतो हं, मावशी." सावित्राबाईच्या घरात आजवर छापील असं कॅलेंडर आणि गॅसचं पुस्तक एवढंच आलं.

या पाहुण्यांतल्या पहिल्या म्हणजे यशोधराबाई. तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या, मानवशास्त्रात डॉक्टर होऊ घातलेल्या. सावित्राबाई बावीसची असेल. भाताच्या आवणीचे दिवस होते. यशोधराबाई बांधावर छत्री धरून बसायच्या आणि सावित्राबाई गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावता लावता उत्तरं द्यायची. दहा दिवस नुसतं लग्नाचंच चाललं होतं. हळद कोण लावतं, गाणी कोण म्हणतं, मामा कुठं उभा राहतो. अकराव्या दिवशी, पाठ मोडायला आलेली असताना, बांधावरून आवाज आला, "आणि आणखी काय करता लग्नात?"

नेमका त्याच वेळी एक खेकडा सावित्राबाईच्या पायाजवळून तिरका तिरका निघाला होता.

"नवऱ्याच्या फेट्यात जित्ता खेकडा सोडत्यात," ती म्हणाली.

बाईंचं पेन थबकलं. "का बरं?"

"त्यानं नांगी मारली आन् नवरा वरडला न्हाई, तर म्होरं बायकूचं बोलणं सोसंल. वरडला, तर त्यो काय कामाचा न्हाई."

शेजारच्या बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. ते हसणंसुद्धा यशोधराबाईंनी टिपून घेतलं. आवणी उरकली, बाई गेल्या, पाऊस गेला, आणि सावित्राबाई ते सगळं विसरून गेली.

पण विद्या काही विसरत नाही. दोन वर्षांनी परदेशातल्या एका मातबर नियतकालिकात यशोधराबाईंचा लेख आला. त्यात तो खेकडा फार मोठा झाला होता. तो आता पुरुषसत्तेचं क्षणिक उलटीकरण करत होता, निसर्ग आणि संस्कृती यांच्या सीमारेषेवर उभा होता. लेखामुळे बाईंना नोकरी लागली, मग बढती मिळाली, आणि यथावकाश लोणावळ्यात बंगलाही झाला. सावित्राबाईचं नाव लेखात नव्हतं. तिची ओळख झाकणं हा म्हणे तिचाच सन्मान होता.

यंदा सावित्राबाईची नात करिष्मा बारावी झाली. वाडीतली शास्त्र शाखेची पहिली मुलगी. नर्सिंगला नंबर लागला, पण जमातीच्या दाखल्याची पडताळणी झाल्याशिवाय प्रवेश पक्का होणार नव्हता. तिचा बाप शिदू कंपनीत पॅकिंगला जाई. त्याला सुट्टी मिळेना, म्हणून कागदांची पिशवी घेऊन सावित्राबाईच नातीबरोबर हिंडली. कान्हे फाट्यावर वाहिदचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. त्यानं पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून सगळं नीट चढवून दिलं.

"कागद पक्के आहेत मावशी," तो म्हणाला. "आता फक्त साहेब तोंडी विचारतील, रीतीभाती वगैरे."

रीतीभाती! सावित्राबाई निर्धास्त झाली. त्यात तर ती सगळ्या मुलखाची मास्तरीण होती.

पडताळणीच्या कार्यालयात करिष्माला एकटीलाच आत बोलावलं. साहेबांसमोर जमातीच्या वैशिष्ट्यांची यादी होती. एखादी मुलगी ठाकर आहे की नाही हे ठरवायला त्या मुलीपेक्षा यादी बरी, कारण यादी उलट बोलत नाही. देव, देवक, आडनावं, करिष्मानं सगळं सांगितलं. मग साहेबांनी चष्मा वर सरकवला.

"लग्नात वराच्या फेट्याबाबत काय प्रथा आहे?"

"फेटा बांधतात, सर."

"ते झालं. फेट्यात काय असतं?"

करिष्मानं खूप विचार केला. "डोकं असतं, सर."

पंधरा दिवसांनी नोटीस आली. वाहिदनं ती काउंटरवर पसरून वाचली. 'वराच्या फेट्यात जिवंत खेकडा सोडण्याची जमातीची ठळक प्रथा अर्जदारास सांगता आली नाही. सबब अर्जदाराचं जमातीशी सांस्कृतिक नातं सिद्ध होत नाही. खुलासा करायचा असल्यास पंधरा दिवसांत करावा.'

"खेकडा?" वाहिद म्हणाला. "मी इथंच जन्मलो, तुमच्या किती लग्नांत जेवलो. असं कधी पाहिलं नाही."

सावित्राबाई आधी खदकन हसली, मग तिचं हसू जागच्या जागी थिजलं. बांध, छत्री, पेन, सगळं डोळ्यांपुढं आलं. ती स्टुलावर बसली आणि तिनं दोघांनाही खरं काय ते सांगून टाकलं.

करिष्मानं नोटीस पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "म्हणजे तू गंमत केलीस आन् मी ठाकर न्हाई?"

सावित्राबाईला त्या दिवशी भाकरी गेली नाही. आयुष्यात एकदा तिनं थाप मारली होती, तीही पाठ दुखत होती म्हणून, आणि सरकारनं नेमकी तेवढीच खरी धरली होती.

नोटिशीच्या खाली बारीक अक्षरांत त्या लेखाचा हवाला होता. वाहिदनं तो शोधून काढला. स्क्रीनवर लेखाचं नाव आलं, त्याखाली दहा ओळींचा गोषवारा आला आणि त्याखाली कुलूप आलं. पुढचं वाचायचं तर डॉलर भरा, तेही चोवीस तासांपुरतं.

"माजंच बोलणं," सावित्राबाई म्हणाली, "आन् मलाच कुलूप?"

"मावशी, साहेबांनीही पुढचं वाचलेलं दिसत नाही," वाहिद गोषवारा मराठीत सांगत म्हणाला. "नोटिशीत आहे ते सगळं या दहा ओळींतलंच आहे. एवढंच फुकट आहे ना."

लेखिकेच्या नावावर शोधलं तर पुढच्याच शनिवारचा एक कार्यक्रम निघाला. लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टमध्ये परिसंवाद होता, 'ज्ञान सर्वांसाठी'. प्रमुख भाषण यशोधराबाईंचं.

शनिवारी आजी आणि नात लोकलनं लोणावळ्याला उतरल्या. ज्ञान सर्वांसाठी असलं तरी रिसॉर्टच्या दारावर वॉचमन होता. त्यानं सावित्राबाईच्या लुगड्याकडं पाहिलं. "मावशी, किचनचा दरवाजा मागून आहे." करिष्मानं मोबाईलवरचं निमंत्रण दाखवलं. त्यात 'सर्वांचे स्वागत' असं छापलेलं होतं. वॉचमनला ते अक्षरशः घ्यायची सवय नव्हती, पण त्यानं सोडलं.

आत यशोधराबाई बोलत होत्या. केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता. ज्यांच्याकडून आपण ज्ञान घेतो त्यांच्यापर्यंत ते परत पोचलंच पाहिजे. कुलपात ठेवलेलं संशोधन हा समाजाचा विश्वासघात आहे. प्रत्येक लेखकानं आपला मूळ मसुदा तरी सर्वांना मोफत खुला करावा. प्रत्येक वाक्याला टाळ्या पडत होत्या. मग 'काही प्रश्न?' झालं आणि सावित्राबाई उभी राहिली.

"बाई, त्यो खेकडा खोटा हाय."

सभागृहात कुणाला काही कळलं नाही. यशोधराबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सावित्रा?"

"व्हय. तुमच्या खेकड्यापायी माजी नात ठाकर न्हाई म्हणत्यात. तुमी लिवलंय ते मला वाचायचंय. कुलूप काडा."

लोक भारावले. दोघा-तिघांनी फोटो काढले. एका तरुण संशोधिकेनं पुढं येऊन सावित्राबाईला विचारलं की याच विषयावर तिची सविस्तर मुलाखत घेतली तर चालेल का, आणि संमतीपत्राचा कागदही पुढं केला. करिष्मानं तो घेऊन घडी घातली आणि तिच्याच हातात परत दिला.

बंगल्यावर चहा झाला. यशोधराबाईंनी लॅपटॉप उघडला. त्यांना त्यांचाच लेख उघडेना. निवृत्त झाल्या त्याच दिवशी विद्यापीठानं त्यांचा नियतकालिकं वाचायचा परवाना बंद केला होता, आणि कुलपाला डॉलर देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"मी वीस वर्षं याविरुद्ध बोलतेय, सावित्राबाई. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व तुमचं हाय बाई. पोरगी माजी हाय."

यशोधराबाई उठल्या. आतल्या खोलीत लोखंडी कपाट होतं. जगाला उघडायला सांगितलेला मसुदा स्वतः मात्र त्यांनी त्या कपाटात ठेवला होता, आणि लोणावळ्याच्या ओलीनं त्याच्यावर हिरवट बुरशी धरली होती. त्या पानं उलटत गेल्या आणि शेवटून दुसऱ्या पानावर थांबल्या. तिथं सतरावी तळटीप होती. करिष्मानं त्यांच्या खांद्यावरून इंग्रजी वाचलं आणि आजीला मराठीत सांगितलं, "ही प्रथा एकाच स्त्रीनं सांगितली, सांगताना ती व इतर स्त्रिया हसत होत्या. प्रत्यक्षात कुठंही पाहण्यात आली नाही."

सावित्राबाई बाईंकडं बघतच राहिली. "म्हंजी तुमाला ठावं व्हतं?"

"शंका होती."

"मंग वर येवडं थोरलं कशापायी लिवलं?"

यशोधराबाईंना खोटं सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. "संपादकांना खेकडा फार आवडला होता," त्या म्हणाल्या. "आणि मला नोकरी हवी होती."

सावित्राबाईला राग यायला हवा होता. पण चिखलात उभं राहून थाप मारणारी ती आणि बांधावर बसून ती थाप पोसणारी ही, दोघी तेव्हा पोरीच होत्या. तिनं उरलेला चहा बशीत ओतला. "आता म्होरं काय करायचं ते सांगा."

पुढचं काम मुख्यतः वाहिदनं केलं. बुरशी झटकून त्यानं पानन् पान स्कॅन केलं. यशोधराबाईंनी तो मसुदा इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला, वर मराठीत सार लिहिलं आणि साराची पहिली ओळ 'खेकड्याची गोष्ट चुकीची आहे' अशी घातली. नियतकालिकालाही दुरुस्तीचं पत्र गेलं. दुरुस्ती विचाराधीन असल्याचं तत्पर उत्तर आलं.

दुसऱ्या सुनावणीला तिघीही गेल्या. साहेबांनी तळटीप दोनदा वाचली. "पण हे गोषवाऱ्यात नाही," ते म्हणाले.

"नाही," यशोधराबाई म्हणाल्या. "म्हणून आख्खा लेख वाचायचा असतो."

"कार्यालयाला वर्गणी मंजूर नाही, मॅडम." ही एक गोष्ट मात्र साहेब अगदी खरी बोलले. मग त्यांनी सावित्राबाईला विचारलं, "तुम्ही तेव्हा खोटी माहिती का दिलीत?"

"सायेब, तुमी अकरा दिस चिखलात वाकून बगा. तुमी बी खेकडं सोडाल."

साहेब पहिल्यांदाच हसले. दाखला वैध ठरला. मात्र अहवाल रिकामा कसा सोडायचा, म्हणून त्यात त्यांनी एक ओळ घातलीच, 'सदर प्रथा काळाच्या ओघात लुप्त झाली असावी.' करिष्मानं ती वाचली, तोंड उघडलं, आणि आजीनं तिला कोपरानं ढोसलं. प्रवेशाला दोनच दिवस उरले होते.

करिष्मा आता वसतिगृहात असते आणि आजीला रविवारी फोन करते. यशोधराबाई महिन्यातून एकदा वाडीवर येतात, पूर्ण लेखाचं मराठी घेऊन. समाजमंदिराच्या ओट्यावर त्या वाचतात आणि बायका ऐकतात. पहिल्या पानावर आडनावांवरून भांडण झालं. दुसऱ्या पानावर नंदाबाई म्हणाली की हळदीचं गाणं अर्धंच लिहिलंय, आणि उरलेलं तिनं तिथंच म्हणून दाखवलं. तिसऱ्या पानावर मामा कुठं उभा राहतो यावरून दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. यशोधराबाई समासात पेन्सिलीनं लिहीत जातात, आणि सावित्राबाई शेजारी तांदूळ निवडत बसते. मधेच हात थांबवून ती म्हणते, "बाई, आता लिवलंय ते वाचून दावा." बाई मुकाट्यानं वाचून दाखवतात. सहा महिने झाले, वाचन अजून चौथ्या पानावर आहे.