उतरायची घाई

"तुम्हाला पॅनिक डिसऑर्डर आहे," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या मनात पहिला विचार आला की यांनी ईसीजी नीट पाहिलेला दिसत नाही.

तो माझा सहावा ईसीजी होता. दोन महिन्यांत मी तीन वेगवेगळ्या इस्पितळांत छाती धरून गेलो होतो. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. ट्रेडमिल टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर पळवून हृदय काय म्हणतं ते पाहणं, तीही झाली. "तुमचं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे," असं एक डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून मला त्यांचीही काळजी वाटू लागली.

या नव्या डॉक्टरांनी, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांनी, शांतपणे समजावलं. पॅनिक अटॅक म्हणजे आग नसताना शरीराने धोक्याची घंटा वाजवणं. छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही. आपण आत्ता मरणार, याबद्दल शंकाच उरत नाही. मग दहा-वीस मिनिटांत ते ओसरतं. ओसरलं की माणूस पुढच्या झटक्याची वाट पाहू लागतो. आजार खरा तो. वाट पाहण्याचा.

माझा पहिला झटका कंपनीच्या बसमध्ये आला. मी खडकीला राहतो. कंपनी हिंजवडीत. काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं: दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये काय काय बिघडू शकेल याची आधी कल्पना करायची, मग ते बिघडवून दाखवायचं. या स्वभावाला चौदा वर्षं पगारवाढ मिळत होती. एका सकाळी वाकडच्या चौकात बस अडकली. दार बंद, काचा बंद, पुढे गाड्याच गाड्या. मला वाटलं, आता इथे काही झालं तर ॲम्ब्युलन्स येणार कुठून? एवढा विचार पुरला. दार उघडायला लावून मी खाली उतरलो.

पुढच्या आठवड्यात औंधलाच उतरलो. त्याच्या पुढच्या आठवड्यात चढलोच नाही. मोटरसायकल पहिल्या झटक्यानंतरच सोडली होती, कारण एकटा रस्त्यात पडलो तर उचलणार कोण?

ते अमेरिकेतल्या मंदीचं वर्ष होतं. आमच्याकडे लोक कमी करायच्या याद्या निघत होत्या. मॅनेजर माझ्याहून सात वर्षांनी लहान. तो म्हणाला, "सर, हेल्थ फर्स्ट. पण दोन महिने रोज टाइमवर दिसा. नाहीतर नेक्स्ट लिस्ट मी थांबवू नाही शकणार." कंपनीने आमच्या ताणाचीही दखल घेतली होती. कानाला माइक लावलेला एक गृहस्थ बोलावून सभागृहात आम्हाला सामूहिक हसायला लावलं. माझ्या शेजारचा फार मन लावून हसत होता. त्याला त्याच सकाळी यादीत नाव असल्याचं कळलं होतं.

घरी सल्ल्यांना तोटा नव्हता. आमचं घर बौद्ध, त्यामुळे प्रत्येक नातेवाइकाने दहा दिवसांचं ध्यानशिबिर सुचवलं. सुचवणाऱ्यांपैकी एकही जण तिथे गेलेला नव्हता. वडील दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अरे, आम्ही पस्तीस वर्षं बारुदाशेजारी डबा खाल्ला. तुला एसी बसची भीती वाटते?" बारुदाची भीती वाटली असती तर निदान शोभली असती.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सीबीटी सांगितली. म्हणजे आपले विचार आणि आपलं वागणं तपासून ते बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार. त्यासाठी कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीतल्या एका बाईंकडे पाठवलं. मला वाटलं होतं, आडवं पडून बालपण सांगावं लागेल. बाईंनी उभं राहून एक मिनिट जोरजोरात श्वास घ्यायला लावला. डोकं गरगरलं, छाती धडधडली.

"आता काय होईल?"

"चक्कर येऊन पडेन."

"पडा."

मी पडलो नाही. "बघा, सांगूनही जमलं नाही," बाई म्हणाल्या. धडधड म्हणजे मरण नव्हे, हे सहा ईसीजींनी सांगितलं होतं. पटायला सुरुवात त्या दिवशी झाली.

मग एक्सपोजर, म्हणजे ज्याची भीती वाटते ते टप्प्याटप्प्याने करत राहणं. आधी बसने औंधपर्यंत, मग वाकड, मग शेवटपर्यंत. दर वेळी भीतीला दहापैकी गुण द्यायचे. मी लगेच रंगीत तक्ता केला. तीन आठवड्यांत सगळे रकाने हिरवे, म्हणजे प्रत्येक टप्पा पार. पण भीती पहिल्या दिवशी आठ होती, ती आठच राहिली. तक्ता बाईंपुढे ठेवून मी म्हणालो, "तुमची पद्धत चालत नाही."

बाईंनी तक्त्याकडे पाहिलंही नाही. "बसमध्ये कुठे बसता?"

"पुढच्या दारापाशी."

"खिशात काय असतं?"

"ॲस्पिरिन. हार्ट अटॅक आलाच तर."

"बॅगेत?"

"ईसीजीची फाइल."

"फोन?"

"हातात. बायकोचा नंबर काढून ठेवलेला."

"शेजारी कोण?"

"कुलकर्णी. त्यांची मिसेस डॉक्टर आहे."

"कसली डॉक्टर?"

"दातांची."

बाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या हाताखालच्या कुणी अशी टेस्ट करून आणली तर?"

आमच्या धंद्यातला हा सगळ्यात जुना गुन्हा. टेस्ट पास होत नसेल तर मशीनच गुपचूप असं मांडून ठेवायचं की पास व्हावीच लागेल. यासाठी मी लोकांना सगळ्यांसमोर झापलं होतं. दार, गोळी, फाइल, फोन, कुलकर्णी, असल्या टेकूंना सेफ्टी बिहेवियर म्हणतात. म्हणजे भीतीवर मात केल्याचं दिसतं, पण श्रेय सगळं टेकूला जातं. मेंदू शिकतो एवढंच की आज ॲस्पिरिनमुळे वाचलो.

सोमवारी निघताना सुजाता, माझी बायको, म्हणाली, "फाइल राहिली."

"राहू दे."

"बरं वाटतंय ना पण?"

"अजिबात नाही."

मागच्या बाकावर खिडकीशी बसलो. खिसे रिकामे, फोन बंद करून बॅगेत. वाकडला बस अडकली आणि झटका आला. आठ, मग नऊ. मी उठून उभा राहिलो. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "उतरायचंय का साहेब?"

सगळ्या माना वळल्या. नोकरी, अब्रू आणि हृदय असं सगळं त्या एका प्रश्नावर टांगलेलं होतं.

"नाही," म्हणालो आणि बसलो. भीतीशी वाद घातला नाही, नाडी मोजली नाही. घाम आला, येऊ दिला. बराच वेळ नऊच होती. मग सात. हिंजवडीला उतरताना चार. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी कॉम्प्युटर सुरू केला आणि शुक्रवारचं राहिलेलं काम काढलं.

बुधवारी पुन्हा नऊ आली. गुरुवारी पाच. असंच खालीवर होत गेलं. दोन महिन्यांनी यादी निघाली, त्यात माझं नाव नव्हतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची छाती अशी धडधडत असेल, तर आधी हृदय तपासून घ्या. एकदा. नीट. मग सातव्या ईसीजीऐवजी बोलायला जा. गोळ्या मनाने बंद करू नका. माझ्या डॉक्टरांनी त्या सावकाश कमी केल्या. माझी भीती गेलेली नाही. येते, बसते, आपल्या स्टॉपला उतरते. त्या बाईंचे आभार मी कधी नीट मानले नाहीत. पुण्यात आभार मानले की समोरचा संशयाने बघतो, म्हणून इथे मानतो.

परवा संध्याकाळी परतताना मला बसमध्ये गाढ झोप लागली. खडकी कधी गेली कळलंच नाही. कुणीतरी खांदा हलवला तेव्हा बस विश्रांतवाडीला, शेवटच्या स्टॉपवर, रिकामी उभी होती.

"ओ साहेब, उठा की," ड्रायव्हर वैतागून म्हणत होता. "सगळे गेले. तुम्हाला काय उतरायचं नाही का आज?"