आर्डवार्कचं बीळ

दक्षिण सुदानात शांतिसेनेच्या तुकडीत मी हवालदार होतो, सेक्शन कमांडर. गाव किकवी. माझ्याच सेक्शनमध्ये लान्स नायक किसन रेणुसे होता, वेल्ह्याचा. पहाटे साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज; सहाला पेट्रोल, म्हणजे गस्त. सपाट गवताळ मुलूख, आडोशाला झाड नाही.

वाटेत मोठाली बिळं लागत. ती आर्डवार्कची, हे किसनने दुभाष्याकडून काढून घेतलं. डुकराएवढं जनावर, कान गाढवासारखे. दिवसा बिळात झोपतं, रात्री कोसभर फिरून मुंग्या आणि वाळवी खातं. नखांनी वारूळ फोडायचं, नाकपुड्या मिटायच्या, फूटभर चिकट जीभ आत सारायची. "बिळाच्या तोंडावर माश्या असल्या तर आत जनावर हाय, नसल्या तर बीळ रिकामं," किसन सांगायचा. आमचे कंपनी कमांडर मेजर साहेब सोबत असले की पेट्रोल थांबवून ऐकायचे.

एक दिवस ते म्हणाले, "किसनला पुढे ठेवा."

मला झोंबलं. बारा वर्षांची नोकरी माझी, कंपनीत नेमबाजीत पहिला मी, आणि साहेबांच्या तोंडी नाव वाळवीच्या गोष्टी सांगणाऱ्याचं. मी त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागलो.

"दादा, ही ताजी माती बगा. रातीच उकरलंय."

"गप चाल."

एका गुरुवारी पेट्रोलवर असताना सव्वासातला समोरच्या गवतातून फायर आलं. मी, किसन आणि दोन जवान, आम्ही चौघे उघड्यावर पालथे पडलो. मी रेडिओ घेतला.

"कॉन्टॅक्ट. समोर, दोनशे मीटर."

"मदत निघाली. वीस मिनिटं."

उघड्यावर वीस मिनिटं निघणार नव्हती.

"दादा, उजवीकडं बीळ हाय!" किसन ओरडला. "माश्या न्हाईत. पोरांस्नी घेऊन जावा, म्या कव्हर देतो!"

दोन जवान आत सरकले. मी बिळाच्या तोंडाशी राहून फायर करत होतो. चौथ्याला जागा नव्हती. सात एकोणतीसला किसनची रायफल थांबली. मदत आली तेव्हा सात छत्तीस झाले होते.

रजेवर आल्यावर वेल्ह्याला गेलो. त्याच्या आईला सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "आई, मी जळायचो त्याच्यावर."

"त्यो बी तुमच्यावर जळायचा की," ती म्हणाली. "फोनवर म्हणायचा, आये, हवालदारांसारका नेम मला जल्मात जमायचा न्हाई. शिकवा म्हनायची छाती हुईना त्येची."

लान्स नायक किसन रेणुसे, वय सत्तावीस. त्याला शिकवायला मला एक सकाळ पुरली असती.