दहा म्हणून सांगितलेले सात

मी बोलून पोट भरणारा माणूस. भवानी पेठेतल्या चहाच्या गाड्यावर मी उभा राहिलो की चार कप जास्त खपतात, आणि गाडेवाला माझ्या कपाचे पैसे घेत नाही. मेलेल्या माणसाच्या विम्याची गोष्टसुद्धा मी अशी सांगतो की त्याचे जावई हसतात. पण एक गोष्ट त्या गाड्यावर कधी आली नाही. घरीही नाही. बायकोला वाटतं, माझ्या पोटात काही राहत नाही. राहतं. हे अकरा वर्षं राहिलंय.

त्या गोष्टीचं खोटं रूप मात्र मी पेठभर सांगितलंय. त्यात मी गुंतवणुकीच्या योजना विकणारा साधाभोळा एजंट. कंपनीचा टायवाला साहेब ट्रेनिंगमध्ये सांगतो, दहा टक्के, दहा टक्के — इथं मी त्याचा आवाज काढतो, मान वाकडी करतो — आणि मी बिचारा तेच लोकांना सांगतो. लोक हसतात, मग हळहळतात. फसवल्या गेलेल्या माणसाची भूमिका फार गोड असते हो. अंगावरून उतरवावीशी वाटत नाही.

विश्वासघात झाला होता, हे खरं. पण कुणाचा?

शिवप्पाअण्णा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडायच्या आधीच कान लावून सांगायचे, कुठला पार्ट जाणार. माझ्या वडिलांचे जोडीदार. वडील गेल्यावर माझी कॉलेजची फी त्यांनी भरली, आणि कधी बोलून दाखवलं नाही. रिटायर झाले तेव्हा त्यांच्या हातात दोन लाख आले. स्वतःसाठी नको होते. गौरव्वाकाकू, म्हणजे त्यांची बायको, तीस वर्षं पायाच्या मशीनवर टॉवेलची किनार शिवत होत्या. अण्णा म्हणाले, "हिचं गुडघं अजून धा वर्सं चालतील बघ. मग बदलावं लागतील. तवाला पैसं पायजेत." बायकोच्या गुडघ्यांचंही त्यांनी मागासारखंच निदान केलं होतं.

बँक साडेआठ टक्के देत होती. माझ्या योजनेत दहा वर्षांत दुप्पट. मी त्यांच्या खाटेवर मांडी घातली, घडीच्या चादरी पुढ्यात ओढल्या आणि नाटक मांडलं. या दोन चादरी. दहा वर्षांनी किती? चार. वाढल्या किती? दोनावर दोन, म्हणजे शंभर टक्के. भागिले दहा — दर साल दहा टक्के. आणि बँक? मी बँकेच्या नावानं असा हात झटकला की काकू तोंडाला पदर लावून हसल्या.

आमच्या पेठेत व्याज बोटांवर चालतं. शेकडा किती, वर्षं किती, संपलं. भिशीत तसंच, कारखान्याच्या उचलीत तसंच. वाढलेल्या पैशावरही पुन्हा वाढ चढते, हे कुणी धरत नाही. अण्णांनीही धरलं नाही. त्यांनी वेगळंच विचारलं.

"तू सोताचं कुटं ठेवलंस रं?"

"यातच की, अण्णा."

"मग झालं तर," म्हणाले, आणि सही केली.

इथपर्यंत मी अजून भोळा राहू शकतो — नाही का? एजंटाचं गणित कच्चं असू शकतं.

कच्चं नव्हतं. आदल्या दुपारी मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. सात टक्क्यांची वाढ दहा वेळा चढवली — दुपटीला जरा कमी. सव्वासातची दहा वेळा चढवली — दुपटीच्या जरा वर. म्हणजे माझ्या योजनेची खरी वार्षिक वाढ सात आणि सव्वासातच्या मधे कुठंतरी. मग बँकेचे साडेआठ दहा वेळा चढवले. दोन लाखांचे चार लाख बावन्न हजार. माझे दहा बँकेच्या साडेआठांपेक्षा लहान होते. टायवाल्या साहेबानं मला काय फसवायचं? तो तर गणितात माझ्याहून कच्चा. चादरींचा खेळ माझा, मी बसवलेला. पुढं ट्रेनिंगमध्ये करून दाखवला, टाळ्या घेतल्या.

आणि त्याच दुपारी — मघापासून मी इथंच येत नव्हतो — त्याच दुपारी मी माझे स्वतःचे तीन लाख बँकेत ठेवून आलो. दहा वर्षांसाठी. साडेआठनं.

अण्णांनी मला आणखी सहा घरं जोडून दिली. आमचा राजू बँकेपेक्षा जास्त देतो, म्हणून.

गेल्या वर्षी मुदत संपली. अण्णांना चार लाख मिळाले. दवाखान्यानं दोन्ही गुडघ्यांचे साडेचार सांगितले. अण्णांनी जन्मात कुणापुढं हात पसरला नाही, तेव्हा एकच गुडघा करायचं ठरलं. त्यांची नात कॉमर्सला आहे. तिनं मोबाईलवर आकडे घातले आणि म्हणाली, आज्जा, हे धा न्हाय, सात हाय. बँकेत ठेवले असते तर आजीचे दोन्ही झाले असते.

अण्णा माझ्याकडं आले. ओरडले नाहीत, नातीनं काढलेला आकडा सांगितला. मी काय केलं? रडलो. खरं पाणी आणलं डोळ्यांत — मला येतं ते. म्हणालो, कंपनीनं मलाही फसवलं, माझेही त्यातच होते. अण्णांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुला बी बुडवलं की रं लेकरा," म्हणाले. मग ते त्या सहाही घरी स्वतः गेले. पोराची चूक नाही, हिशेब मलाच विचारता आला नाही, असं प्रत्येक दारात सांगितलं. माझ्याशी भांडायला निघालेली माणसं घरी बसली.

माझ्या बँकेतल्या ठेवीचे पावणेसात लाखांच्या वर झाले. त्यातून मी ऑफिससाठी रस्त्यावरचा गाळा भाड्यानं घेतला, काचेचं दार लावलं, एसी बसवला. अण्णांना सांगितलं, सासरेबुवांनी मदत केली.

उद्घाटनाला काकू आल्या. एक पाय सरळ, एक पाय ओढत, अण्णांच्या खांद्याला धरून तीन पायऱ्या चढल्या. भटजींनी विचारलं, नारळ कोण फोडणार? मी अण्णांचं नाव घेतलं. ते नको म्हणाले. मी हाताला धरून पुढं आणलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, हे मला वडिलांच्या जागी आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी डोळे पुसले, एका फटक्यात नारळ फोडला आणि पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला.

खोबरं गोड निघालं. मी आणखी एक तुकडा मागून घेतला.